‘आपल्यात कागद कशाला?’ असं मैत्रीणच म्हणाली तर

पत्र थोडक्यात देते. "ताई, मी आणि माझी मैत्रीण शाळेपासून एकत्र आहोत. आता दोघी मिळून पॅकेजिंगचा छोटा व्यवसाय सुरू करतोय, छापील खोकी, पिशव्या, गिफ्ट बॉक्स वगैरे. भांडवल तिचं ७० टक्के, माझं ३०. मी पुढच्या महिन्यात नोकरी सोडून पूर्णवेळ यात उतरतेय, ती अजून वर्षभर नोकरी करणार आणि संध्याकाळी, सुट्टीच्या दिवशी येणार. मालकी अर्धी-अर्धी असं एकदा बोलता बोलता ठरलं. परवा मी म्हटलं, एखादं ॲग्रीमेंट करून ठेवूया का, तर ती एकदम गप्प झाली आणि म्हणाली, 'आपल्यात कागद कशाला?' तेव्हापासून तुटक बोलतेय. मी चुकले का? आणि कागद केलाच तर त्यात लिहायचं काय? आत्ता तिला मेसेज तरी काय करू?"

तू अजिबात चुकली नाहीस, हे आधी सांगते, कारण तुझ्या पत्रात दोन ठिकाणी तू स्वतःलाच दोष दिलायस. पण तिचंही चुकलं असं मला वाटत नाही. तिच्या कानावर "ॲग्रीमेंट" हा शब्द पडला आणि तिला त्यात "माझा तुझ्यावर विश्वास नाहीये" असं ऐकू आलं. तू नुसता कागद म्हणालीस, कागदात काय लिहायचं ते काहीच सांगितलं नाहीस, मग रिकाम्या जागेत माणूस आपली भीती भरतो. म्हणून शब्द बाजूला ठेव आणि तिला एक प्रश्न विचार, तू उद्या सहा महिने आजारी पडलीस तर तुझा हिस्सा मी कसा सांभाळू असं तुला वाटतं? यात अविश्वास कुठेच नाहीये, उलट काळजी आहे, आणि उत्तर द्यायला बसली की तिच्याच लक्षात येईल की हे कुठेतरी लिहून ठेवावं लागणार.

मी हे एवढं ठामपणे का सांगतेय तर माझी स्वतःची पार्टनरशिप सहा वर्षांनी मोडली आणि आमच्यात एक ओळसुद्धा लिहिलेली नव्हती. डिझाइनचं काम करायचो आम्ही, दोघीच, अर्धी-अर्धी, अगदी तुमच्यासारखंच बोलता बोलता ठरलेलं. कोणी कोणाला फसवलं नाही, पैशाची अफरातफर नाही, काही नाही. पण माझ्याकडे एक डायरी होती, त्यात मी ज्या ज्या रविवारी एकटी ऑफिसला आले त्या तारखेवर पेनने एक ठिपका द्यायचे. कशासाठी देत होते हे मलाही धड सांगता आलं नसतं, पण देत होते, आणि सहाव्या वर्षी ते मोजले तर शंभराच्या वर गेले होते. शेवटच्या मीटिंगमध्ये मी ती डायरी टेबलावर ठेवली. ती बराच वेळ ठिपक्यांकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "लोनच्या कागदावर गॅरंटी माझी एकटीची होती, घर माझं तारण होतं, तीन वर्षं मला रात्री झोप नव्हती, तुला माहितीये?" मला माहीत नव्हतं. म्हणजे गॅरंटी दिलीय हे माहीत होतं, पण ती त्याचा हिशोब मनात ठेवतेय आणि तिच्या हिशोबात मी तिचं देणं लागते हे मला सहा वर्षांत एकदाही कळलं नाही. मी रविवार मोजत होते, ती रात्री मोजत होती, आणि दोघींच्या मनातल्या वहीत समोरचीच्या नावावर बाकी होती.

पार्टनर भांडतात ते बहुतेक वेळा या मनातल्या वहीमुळे, पैसा हे निमित्त असतं. म्हणून कागद करताना "काय क्लॉज टाकायचे" इथून सुरुवात करू नकोस, दोघींच्या मनातल्या वह्या टेबलावर उघडून सुरुवात कर. आत्ता त्या जवळपास कोऱ्या आहेत, म्हणून आत्ताच सोपं आहे.

आता तुमची गोष्ट बघू. पैसे ७०-३०, वेळ एकीचा पूर्ण आणि एकीचा उरलेला, मालकी ५०-५०. हे तीन आकडे एकमेकांशी बोलतच नाहीयेत. तुला आज वाटतंय की मी नोकरी सोडतेय, पगारावर पाणी सोडतेय, म्हणजे मी जास्त देतेय. तिला आज वाटतंय की पैसे माझे जास्त, धोका माझा जास्त, तरी मी अर्धं दिलं, म्हणजे मी मन मोठं केलं. दोघीही खऱ्या आहात आणि दोघीही आत्ताच लिहायला लागलायत, पान पहिलं.

आणि काही लिहिलं नाही म्हणजे काही नियमच नाही असं होत नाही बरं का. नियम असतोच, फक्त तो तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसांनी खूप आधी लिहून ठेवलेला असतो. ब्रिटनचा पार्टनरशिपचा कायदा १८९० चा, भारताचा १९३२ चा, आणि दोन्हीत जवळपास सारखंच आहे की पार्टनरांमध्ये वेगळं काही ठरलेलं नसेल तर नफा सगळ्यांना समान, तोटाही समान, मग पैसे कोणी किती घातले याचा संबंध नाही. आणि कामासाठी कोणालाही पगार नाही. हे परत वाच, कारण हे तुझ्याबद्दल आहे. तू दिवसाचे दहा तास मशिनपाशी उभी राहिलीस आणि ती आठवड्यातून दोनदा आली, तरी कायद्याच्या डोळ्यांनी तुला त्या कामाचा वेगळा मोबदला मागता येत नाही, मागायचा तर आधी ठरलेला हवा. तिच्या बाजूनेही बघ, तिने ठरल्यापेक्षा जास्त पैसे घातले तर त्यावर व्याज मिळतं, ब्रिटनच्या कायद्यात ५ टक्के आणि भारताच्या कायद्यात ६, पण मुळात घातलेल्या भांडवलावर व्याज हवं असेल तर तेही आधी ठरवावं लागतं. शिवाय किती काळासाठी एकत्र आलोय हे ठरलेलं नसेल तर साध्या पार्टनरशिपमध्ये कोणीही एक पार्टनर नोटीस देऊन सगळं संपवू शकतो, आणि एक पार्टनर गेला, म्हणजे वारला, तर तिथेच पार्टनरशिप संपते. या दोन्ही गोष्टी आधी लिहून बदलता येतात. लिहिलं नाही तर कायदा आपलं काम करतो.

एक अजून, बाहेरच्या लोकांच्या दृष्टीने दोघींपैकी कोणीही फर्मच्या धंद्यात जे कबूल करेल ते दोघींना बांधून टाकतं. तिने एखाद्या सप्लायरकडून उधारीवर कागदाचा मोठा लॉट उचलला तर तो तुझ्याकडूनही पूर्ण वसूल करू शकतो, "माझा अर्धाच हिस्सा" असं तिथे चालत नाही. म्हणून साधी पार्टनरशिप करायची की जबाबदारी मर्यादित ठेवणारी कंपनीसारखी रचना करायची हे अकाउंटंटला पहिल्याच भेटीत विचारा, कारण हा निर्णय नंतर बदलायला त्रास होतो.

आकड्यांचं काय करायचं? मी तरी असं करेन, जे तीन वेगळं आहे ते तीन वेगळ्या खिशांत ठेवायचं. कामाचा मोबदला कामाला, म्हणजे जी जेवढं काम करते तिला तेवढा पगार, सुरुवातीला पैसे नसतील तर लिहून ठेवायचा आणि आले की द्यायचा. पैशाचा मोबदला पैशाला, म्हणजे तिने तुझ्यापेक्षा जास्त घातलेली रक्कम मालकीत न मोजता बिझनेसला दिलेलं कर्ज धरायची, त्यावर ठरलेलं व्याज, आणि नफा वाटायच्या आधी ती हळूहळू परत करायची. हे दोन्ही झालं की मग मालकी, आणि मग ५०-५० म्हणालात तरी त्याला अर्थ आहे, कारण आता त्या अर्ध्यात कोणाचे रविवार किंवा कोणाच्या रात्री लपलेल्या नाहीत. माझ्या बाबतीत एवढं एक जरी केलं असतं ना, रविवारच्या कामाला ठरलेला दर आणि गॅरंटीला ठरलेली फी, तर त्या डायरीत ठिपके पडलेच नसते.

मालकी पहिल्या दिवशी पूर्ण हातात देऊ नका, दोघींनीही. स्टार्टअपवाले जे करतात ते छोट्या धंद्यालाही चालतं, हिस्सा चार वर्षांत मिळवायचा, पहिलं वर्ष पूर्ण व्हायच्या आत कोणी सोडून गेलं तर काहीच नाही, वर्ष झालं की एक चतुर्थांश, आणि पुढे दर महिन्याला थोडा थोडा. तुमच्यात हे मुद्दाम हवं कारण ती म्हणतेय "वर्षभराने नोकरी सोडते". तिच्या मनात खोट नसेल, पण वर्षभराने नोकरीत बढती मिळाली, घरात कोणाचं आजारपण निघालं, आणि तिने सोडलीच नाही तर? तेव्हा तिचा अर्धा हिस्सा तसाच राहणार का? हे आज विचारलंस तर प्रश्न आहे, तेव्हा विचारलंस तर आरोप होईल. लिहा की अमुक तारखेपर्यंत ती पूर्णवेळ आली तर असं, नाही आली तर हिस्सा इतका. आणि हेच तुझ्यासाठीही लिहा, सहा महिन्यांत तुझे घरचे पैसे संपले आणि तुला परत नोकरी धरावी लागली तर काय? तिच्यासाठी एक नियम आणि तुझ्यासाठी वेगळा असं झालं की मग तिला खरंच वाईट वाटायचं कारण मिळेल.

निर्णय कोणाचा, यावर थोडं थांबते कारण दोनच पार्टनर आणि ५०-५० असेल तर बहुमत नावाची गोष्टच नसते. एक हो, एक नाही, आणि गाडी तिथेच उभी. ॲपलची सुरुवात माहितीये? १ एप्रिल १९७६ ला तिघांनी पार्टनरशिपचा करार केला, स्टीव्ह जॉब्स ४५ टक्के, स्टीव्ह वॉझनियाक ४५, आणि तिसरे रोनाल्ड वेन १०. वेन वयाने मोठे होते, तो करार त्यांनीच टाइप केला होता, आणि ते १० टक्के याचसाठी की दोघांचं जुळलं नाही तर तिसऱ्याचं मत निर्णायक ठरेल. म्हणजे २१ आणि २५ वर्षांच्या पोरांना पहिल्याच दिवशी सुचलं होतं की आपण कधीतरी अडणार. लोक वेन यांची गोष्ट सांगतात ती वेगळ्या कारणासाठी, ते १२ दिवसांत बाहेर पडले आणि हिश्शाचे ८०० डॉलर घेतले. पण ते का बाहेर पडले ते बघ, जॉब्सने पहिली ऑर्डर पुरी करायला उधारी घेतली होती, आणि पार्टनरशिपमध्ये ती उधारी बुडाली असती तर वसुली वेन यांच्याकडे आली असती, कारण तिघांत जप्त करण्यासारखं काही असलं तर ते त्यांच्याकडेच होतं. तो माणूस कोणाशी न भांडता, कागदावर, पैसे घेऊन निघाला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही, त्याला आपली झोप प्यारी होती आणि बाहेर पडायची वाट मोकळी होती.

तुम्ही तिसऱ्याला हिस्सा द्या असं मी म्हणत नाहीये. खाती वाटून घ्या, खरेदी आणि उत्पादन तुझं, हिशोब आणि गिऱ्हाईकांची वसुली तिची, ज्याच्या त्याच्या खात्यात ठराविक रकमेपर्यंत शेवटचा शब्द त्याचा आणि दुसरीने नंतर "मला का नाही विचारलंस" असं म्हणायचं नाही. त्या रकमेच्या वर, आणि लोन, नवीन पार्टनर, जागा बदलणं, नातेवाइकाला कामावर घेणं, या गोष्टींना दोघींची सही लागेलच. नातेवाइकांचा मुद्दा वेगळा लिहा, खरंच लिहा, कारण "माझा भाऊ रिकामाच बसलाय, देईल हातभार" या वाक्यानंतर ज्या गोष्टी सुरू होतात त्यावर मला दर महिन्याला पत्रं येतात.

आणि तरी अडलात तर? पायऱ्या लिहून ठेवा. आधी दोन दिवस विषय बंद, कोणीही मेसेज करायचा नाही. मग दोघींना मान्य असा एक माणूस, त्याचं नाव आत्ताच ठरवायचं, त्याच्यासमोर बसायचं. त्यानेही नाही झालं तर मध्यस्थी, मग लवाद, कोर्ट अगदी शेवटी. आणि कशानेच नाही झालं, एकत्र राहायचंच नाहीये, तर एक पद्धत आहे, तिला शॉटगन क्लॉज म्हणतात, एकीने हिश्शाचा भाव सांगायचा आणि दुसरीने ठरवायचं की त्या भावाने आपला विकायचा की तिचा घ्यायचा. लहानपणी दोघांत वाटणी करताना एकाने कापायचं आणि दुसऱ्याने आधी उचलायचं असं करायचो ना, तेच. भाव सांगणारीला माहीत असतं की तोच भाव आपल्यावर उलटू शकतो, म्हणून ती रास्तच सांगते. पण तुमच्यासाठी मी यात एक बदल केल्याशिवाय हो म्हणणार नाही. ही पद्धत ज्याच्या हातात रोख पैसा आहे त्याच्या बाजूने झुकते, आणि तुमच्यात पैसा तिच्याकडे आहे. ती कमी भाव सांगेल, तुला तो कमी आहे हे दिसत असेल, पण घ्यायला पैसे नसल्याने विकावंच लागेल. म्हणून लिहून घे की घेणारीला पैसे उभे करायला किमान ९० दिवस आणि रक्कम हप्त्यांत द्यायची मुभा.

ॲपलवाल्यांचं निदान लिहिलेलं होतं. उलट उदाहरण डास्लर भावांचं, जर्मनीतल्या हेर्झोगेनाउराख गावातले, १९२४ पासून दोघांचा बुटांचा एकच कारखाना. १९४८ मध्ये फुटले, रुडॉल्फने पुमा काढली, ॲडॉल्फने आदिदास, कामगार वाटले गेले आणि गावसुद्धा दोन बाजूंना विभागलं गेलं. नेमकं कशावरून फाटलं यावर आजही वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात. मी ते वाचलं तेव्हा मला लगेच माझी डायरी आठवली. बाहेरच्याला कारण सापडत नाही कारण बाहेरून दिसेल असं एक कारण नसतंच, वर्षानुवर्षांचे ठिपके असतात.

आता बाहेर पडायचं कसं, हा सगळ्यात नकोसा भाग आणि म्हणूनच यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. एकीला सोडायचंय, एकीला कायमचं आजारपण आलं, एकीचा घटस्फोट झाला आणि नवरा हिस्सा मागतोय, एक गेली. प्रत्येक ठिकाणी तीनच गोष्टी लिहायच्यात, हिस्सा कोणी घ्यायचा, कोणत्या किमतीला, पैसे कधी. पहिला हक्क राहिलेल्या पार्टनरचा, बाहेरच्याला विकायचा तर तिला विचारूनच. किंमत आज आकड्यात लिहू नका, तो आकडा दोन वर्षांत खोटा पडतो, पद्धत लिहा, समजा मागच्या तीन वर्षांच्या नफ्याची सरासरी गुणिले ठरलेला आकडा, किंवा दोघींनी एकेक जाणकार आणायचा आणि दोघांच्या किमतीची सरासरी काढायची. पैसे २४ किंवा ३६ हप्त्यांत, कारण एकदम द्यायचे म्हटले तर बिझनेसचाच गळा आवळला जातो. आणि जाण्याचं म्हणशील तर, स्वतःला विचार, उद्या ती नसेल तर तिच्या घरचे तुझे पार्टनर म्हणून तुला चालतील का? त्यांना तरी तुझ्याबरोबर खोकी बनवायची असतील का? त्यांना पैसे हवे असतील आणि तुला धंदा. म्हणून अनेक पार्टनर एकमेकांच्या आयुष्याचा विमा काढतात, ती रक्कम आली की त्यातून गेलेल्याचा हिस्सा घरच्यांकडून विकत घ्यायचा. तरुण वयात हप्ता फार नसतो. हे बोलताना तुम्हाला दोघींना रडू येईल कदाचित, येऊ दे, तरी बोला.

किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी माझ्या बाबतीत किरकोळ निघाल्या नाहीत. आम्ही शेवटच्या दिवशी ऑफिसमध्ये बसून सामान वाटलं, कॉम्प्युटर, मोठं कटिंग टेबल, प्रिंटर, अगदी खुर्च्या, सगळं तासाभरात झालं. मग फोन वाजला. गिऱ्हाईकाचा होता. फोन टेबलाच्या मधोमध पडलेला, दोघी त्याच्याकडे बघतोय आणि कोणीच उचलत नाहीये, कारण नंबर तिच्या नावावर होता आणि त्यावर येणारे फोन निम्मे माझे. सहा वर्षांची गिऱ्हाइकं त्या एका नंबरात होती. तो वाजून वाजून बंद झाला. तेव्हा नंबर, ईमेल, वेबसाइटचं नाव, सोशल मीडियाची खाती, पासवर्ड, ब्रँडचं नाव आणि लोगो, तू बनवलेली बॉक्सची डिझाइन्स, सगळं पहिल्या दिवसापासून बिझनेसच्या नावावर, कोणा एकीच्या नाही. बँकेत सही कोणाची किती रकमेपर्यंत, स्वतःसाठी दरमहा किती काढायचे, घरचा खर्च बिझनेसच्या कार्डवर कधीच नाही, आणि एक निघाली तर तिने तेच काम किती काळ आणि कुठे करायचं नाही. यावर जास्त लिहीत नाही, वकील हे सगळं स्वतःच विचारतील.

वकिलाकडे जायच्या आधी मात्र एक काम दोघींनीच करा. एकच प्रश्नपत्रिका, दोघींनी आपापल्या घरी, एकमेकींना न विचारता, हाताने उत्तरं लिहायची आणि मग अदलाबदल. तीन वर्षांनी हा धंदा केवढा झालेला तुला आवडेल, छोटा आणि शांत की मोठा? पहिला नफा आला तर घरी न्यायचा की मशीन घ्यायचं? जास्तीत जास्त किती नुकसान सोसून तू थांबशील? तुझ्या मते मी यात काय देतेय आणि तू काय देतेयस? माझी कुठली सवय तुला कामात त्रास देईल असं वाटतं? चौथा प्रश्न अजिबात गाळू नकोस, मनातली वही उघडते ती तिथेच. उत्तरं जुळली नाहीत तर घाबरू नका, न जुळणारी उत्तरं म्हणजेच तुमच्या कागदातले मुद्दे, बाकीचं वकील जोडून देतात. या बैठकीला घरचं कोणी नको, नंतर मसुदा तयार झाला की प्रत्येकीने आपल्या विश्वासाच्या माणसाला आणि जमलं तर आपल्या स्वतःच्या वकिलाला दाखवायचा, कारण एकच वकील दोघींचं हित सारखं बघेल अशी अपेक्षा त्याच्यावरही अन्याय करते.

आणि हा कागद एकदा सही करून कपाटात टाकायचा नाही. दर सहा महिन्यांनी एक तारीख, कॅलेंडरवर टाकलेली, त्या दिवशी ऑफिसच्या बाहेर कुठेतरी बसायचं आणि एकच विचारायचं, गेल्या सहा महिन्यांत असं काय केलंस जे मला दिसलं नाही? आम्ही हे एकदाही केलं नाही. तिच्या तीन वर्षांच्या रात्री मला पहिल्या सहा महिन्यांत कळल्या असत्या तर मी गॅरंटीवर माझीही सही केली असती, हे मी आज पूर्ण खरं सांगतेय.

आता ती तरीही नाहीच म्हणाली तर? थोडा वेळ दे, आठवडा, पंधरा दिवस. मधल्या काळात एखादी छोटी ऑर्डर दोघी मिळून करा, एकच, पैसे कोणाचे किती आणि वेळ कोणाचा किती हे एका पानावर मांडून, नफा त्याप्रमाणे वाटून. ते पान बघितलं की बऱ्याच जणींचा कागदाचा राग जातो. पण त्यानंतरही ती बोलायलाच तयार नसेल, तर तू नोकरी सोडू नकोस. हे मी कळकळीने सांगतेय. मैत्री ठेव, तिचे पैसे तिच्याकडे राहू देत, धंदा सध्या थांबव. जिला आज, सगळं गोड असताना, अवघड प्रश्नावर अर्धा तास बोलवत नाही तिच्याबरोबर तोट्याच्या वर्षात तू एकटी पडशील.

तिला मेसेज काय करायचा असं तू शेवटी विचारलंयस म्हणून लिहून देते, तुझ्या शब्दांत बदलून घे. "परवा मी ॲग्रीमेंट म्हणाले ते नीट सांगता आलं नाही. मला भीती तुझी नाहीये, मला भीती याची आहे की मी थकेन तेव्हा मनात हिशोब ठेवायला लागेन आणि तुला सांगणार नाही. पाच प्रश्न पाठवतेय, मीही लिहितेय, तूही लिही, रविवारी भेटून वाचू. माझी उत्तरं तुला आवडली नाहीत तरी चालेल."

रविवारी भेटलात की मला परत लिही. चौथ्या प्रश्नाला तिने काय उत्तर दिलं ते मला वाचायचंय, आणि तू काय दिलंस तेही.